सिंगापुरातले तीन तास

मेलबर्नला लेकीकडे जाताना सिंगापूरच्या चांगी विमानतळावर तीन तास मिळतात. मिळतात म्हणजे कागदावर! पहिल्या खेपेला मी निवांत डुलकी काढली. माझ्या घड्याळात साडेपाच, भिंतीवर आठ. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, हे ध्यानातच नव्हतं. शेजारच्या चिनी आजींनी हलवून उठवलं, म्हणून विमान चुकलं नाही.

आता उतरल्याबरोबर आधी घड्याळ लावते, मग फलकावर गेट बघते. इथे हातातल्या सामानाची तपासणी बहुधा गेटपाशीच होते. तेव्हा सुटण्याच्या तासभर आधी तिथे पोचायचंच. उतरण्या-चालण्यातला वेळ वजा केला की उरतो जेमतेम दीड तास. तेवढ्यात शहरात जाण्याचा मोह नको. व्हिसाचाही प्रश्न असतोच.

पण दीड तास काही थोडा नाही. टर्मिनल ३ मध्ये फुलपाखरांची बाग आहे. इमिग्रेशन न ओलांडता जाता येतं, तिकीट नाही. विमानात कोरडा पडलेला घसा तिथल्या दमट हवेत सुखावतो, आणि आखडलेले पायही मोकळे होतात. २०१९ साली उघडलेल्या ‘ज्वेल’मधला ४० मीटर उंचीचा धबधबा मात्र इमिग्रेशनच्या पलीकडे. तरी हिरमुसू नका. टर्मिनल २ आणि ३ च्या मधली स्कायट्रेन त्याच्या शेजारून जाते, तीही फुकट. खिडकीशी उभं राहायचं!

आणि हो, औषधाच्या गोळ्या गेटच्या तपासणीआधीच घ्या. भरलेली पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत.