शांतता समिती आणि मोहल्ला समिती : फरक नेमका कुठे पडतो?

वेगवेगळ्या धर्मांची माणसं एकत्र येऊन आपल्याच वस्तीतल्या अडचणीतल्या शेजाऱ्यांसाठी काम करतात, ते कसं उभं राहतं आणि कशाने मोडतं, हा आजचा विषय. हा विषय निघाला की दोन तऱ्हेची भाषणं ऐकायला मिळतात. सगळे धर्म शेवटी एकच शिकवतात, हे एक. आणि हे सगळं फोटोपुरतं असतं, हे दुसरं. आपण दोन्ही जरा बाजूला ठेवू आणि सरळ भिवंडीला जाऊ. कारण याबाबतीत महाराष्ट्राने एक मोठा प्रयोग केलेला आहे आणि आपल्यालाच तो फारसा माहीत नाही.

भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं गाव. सूत पुरवणारे व्यापारी, माग चालवणारे मोमीन-अन्सारी कुटुंबांतले लोक, तेलंगणातून आलेले पद्मशाली, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले कामगार. एकाच्या सुताशिवाय दुसऱ्याचा माग चालत नाही. म्हणजे रोजचा संबंध होता, पैशाचा होता, पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. तरीही ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी तिथे दंगल पेटली आणि जळगाव, महाडपर्यंत पोहोचली. चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. पुढे मे १९८४ मध्ये पुन्हा तेच, आणि त्या वेळी मुंबई-ठाण्यालाही झळ बसली.

हे आधी सांगतोय, कारण आपल्याकडे एक लाडका समज आहे की माणसं धंद्याने बांधलेली असली की भांडत नाहीत. भिवंडीने तो दोनदा खोटा ठरवला. देवाणघेवाण असते, पण अफवा उठली त्या रात्री समोरच्या गल्लीतल्या कोणाला हाक मारायची, हे माहीत नसतं. सुताच्या व्यापाऱ्याला माग मालकाचा हिशेब माहीत असतो. त्याच्या घरी कोण आजारी आहे, हे माहीत असेलच असं नाही.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. तोपर्यंत सगळीकडे असतात तशा 'शांतता समित्या' भिवंडीतही होत्या. त्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. गणपती-मोहरम जवळ आले की पोलीस ठाण्यात बैठक, गावातले नामवंत, नगरसेवक, दोन-चार मौलाना, दोन-चार मंडळांचे अध्यक्ष, चहा-बिस्किटं, 'सहकार्य करू' असं आश्वासन. सण संपला की समिती पुढच्या वर्षीपर्यंत गुंडाळली. खोपडे यांनी वेगळं केलं. त्यांनी वस्तीवस्तीत सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यात पुढाऱ्यांपेक्षा साधे रहिवासी होते, दोन्ही धर्मांचे, त्याच गल्ल्यांतले. समितीशी साधा पोलीस शिपाई जोडलेला. बैठका सण असो-नसो होत राहायच्या.

आणि बैठकीत बोलायचं काय? इथे खरी गोम आहे. बैठकीत 'सलोखा' हा विषयच मुख्य नसे. नळावरचं भांडण, नवरा-बायकोचा वाद, दारू पिऊन धिंगाणा घालणारा मुलगा, भाड्याची कटकट, असले वस्तीतले तंटे तिथे यायचे. समजा, एका विधवा बाईला दीर घराबाहेर काढतोय. तिची बाजू घ्यायला समितीतले दोन्ही धर्मांचे लोक गेले, की त्या कामात ते एकमेकांना ओळखायला लागतात. कोण तापट आहे, कोणाच्या शब्दाला वजन आहे, कोण नुसता बडबडतो, हे कळतं. ही ओळख सलोख्याच्या भाषणातून होत नाही, बरं का. ती दुसऱ्याच कोणाचं तरी काम करताना होते.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसं मेली. दंगलीचं गाव म्हणून ज्याचं नाव देशभर झालं होतं ती भिवंडी, मुंबईपासून इतकी जवळ असूनही, त्या काळात शांत राहिली. खोपडे यांनी पुढे याच प्रश्नावर पुस्तकही लिहिलं. अमेरिकेतले राज्यशास्त्राचे प्राध्यापक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात भिवंडीची दखल घेतली. त्यांनी अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा जोड्या तपासल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : शेजारी म्हणून ये-जा असणं चांगलंच, पण मोठ्या शहरात तेवढं पुरत नाही. संघटना लागते. व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालय, क्लब काहीही चालेल, पण त्यात दोन्हीकडची माणसं हवीत. छोट्या गावात ओळखीवर निभावतं, शहरात ओळखीला चौकट लागते.

मुंबईतही दंगलीनंतर मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. त्यामागे ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे अशी माणसं होती. धारावीत भाऊ कोर्डे आणि वकार खान यांनी काम केलं. त्यांच्यावर अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००३ मध्ये 'नाता' नावाचा माहितीपट केला, जमलं तर जरूर पाहा. मुंबईतल्या समित्यांचा अनुभवही भिवंडीसारखाच. बैठक शांततेची म्हणून बोलावली, तरी लोक पाणी, गटार, शौचालय, रेशनकार्ड हेच घेऊन यायचे. पुढे मुलींसाठी शिवणवर्ग, पोलीस आणि वस्तीतली मुलं यांचे क्रिकेटचे सामने, असं काम वाढत गेलं.

आता भिवंडीचाच पुढचा भाग, जो भाषणांत सहसा गाळला जातो. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून तिथे जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. पोलिसांच्या गोळीबारात दोन जण मेले आणि त्याच रात्री दोन पोलीस शिपाई मारले गेले. ज्या गावात शिपाई हा मोहल्ला समितीचा दुवा होता, त्याच गावात. आमच्या मते यात प्रयोग खोटा ठरत नाही, पण त्याची एक कच्ची बाजू नक्की दिसते. समित्या एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभ्या होत्या. बदली ही सरकारी नोकरीतली नेहमीची गोष्ट. वस्तीने ते काम आपलं म्हणून उचललं नाही, की नवा साहेब आल्यावर बैठकांच्या तारखा पुढे ढकलल्या जातात आणि मग विसरल्या जातात.

म्हणून दंगलीचा प्रश्न नसतानाही जे गट टिकतात, त्यांच्याकडे पाहायला हवं. २०२० सालच्या टाळेबंदीत हे उघड्यावर आलं. भिवंडीत माग बंद, कामगारांच्या खाणावळी बंद. पगारावर जगणाऱ्या परगावच्या माणसाला तिथे रेशनकार्डही नाही आणि नातेवाईकही नाही. अशा वेळी अन्न कोणाकडे असतं? गुरुद्वाऱ्याकडे लंगरची भांडी आणि सवय असते. मशिदीकडे जकात-सदक्याचा पैसा आणि गल्लीतली पोरं असतात. गणेश मंडळाकडे मांडव, गाडी आणि वर्गणी मागायची कला असते. चर्चकडे शाळेची इमारत असते, बुद्धविहाराकडे वस्तीतल्या बायकांचं जाळं असतं. ज्याच्याकडे जे आहे ते एकत्र केलं तर स्वयंपाकघर चालतं.

पण एकत्र करताना अडचणी येतात आणि त्या बारीक असतात. पहिली अडचण पैशाची. जकात मुस्लिम गरजूंनाच द्यावी, असं बहुतेक इस्लामी कायदेपंडितांचं मत आहे. सदका मात्र कोणालाही देता येतो. हे हिंदू सहकाऱ्याला माहीत नसेल तर त्याला वाटतं, 'बघा, फक्त आपल्या लोकांना देतायत.' मग हिशेब दोन वह्यांत ठेवावा लागतो आणि तो सगळ्यांना दाखवावा लागतो. दुसरी अडचण ताटाची. हलाल, शाकाहार, जैनांचं कांदा-लसूण, उपवास. यावर बहुतेक ठिकाणी निघणारा तोडगा म्हणजे खिचडी. हसू नका, एका पातेल्यात सगळ्यांची सोय करणारा पदार्थ शोधणं हे संघटनेचंच काम आहे. तिसरी अडचण सगळ्यांत मोठी : यादी कोणी करायची? यादी प्रत्येक समाजाने आपापली केली, की दोन याद्यांच्या मधली माणसं सुटतात. आंतरधर्मीय लग्न केलेली जोडपी, तृतीयपंथी, एकटे म्हातारे, कालच गावाहून आलेला हेल्पर. यादी गल्लीप्रमाणे आणि दोघांनी मिळून फिरून करायची, म्हणजे ही माणसं सापडतात.

याच काळातल्या काही गोष्टी नोंदवून ठेवण्यासारख्या आहेत. इचलकरंजी, भिवंडीसारखंच मागाचं गाव. तिथल्या मुस्लिम समाजाने रमजानमध्ये जमवलेल्या ३६ लाखांतून इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात १० खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. तिथे कोण झोपणार, हे धर्मावर ठरणार नव्हतं. मुंबईत लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसवता रक्त आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. आणि मृतदेहांना हात लावायला घरचेही धजावत नव्हते तेव्हा मुंबईच्या बडा कब्रस्तानशी जोडलेल्या मुस्लिम स्वयंसेवकांनी हिंदू मृतांचे अंत्यसंस्कार त्यांच्या रीतीप्रमाणे केले. पुण्यातही असं झालं.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेऊ. पहिली : 'धर्मगुरूंना अशा गटात घ्यावं का?' घ्यावं, पण त्यांच्या हाती सूत्रं देऊ नयेत, असं आमचं मत. शुक्रवारच्या नमाजनंतर किंवा रविवारच्या मिस्सात एक घोषणा झाली, तर पन्नास पत्रकांचं काम होतं. जागाही त्यांच्याकडे असते. मात्र यादी आणि हिशेब वस्तीतल्या माणसांकडे, त्यातही निम्म्या बायकांकडे असावा. कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे बायकांना आधी कळतं.

दुसरी चिठ्ठी : 'आमच्या सोसायटीत सगळे एकाच धर्माचे आहेत, मग हे कसं करायचं?' हा अवघड प्रश्न आहे. १९९२-९३ नंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं मुंब्र्यासारख्या ठिकाणी गेली, आणि घर भाड्याने देताना नाव विचारणाऱ्या सोसायट्या आपण पाहतोच. शेजारच वेगळा झाला तर शेजारधर्म कुठून आणायचा? तेव्हा सोसायटीच्या फाटकापासून सुरुवात करा. वॉचमन, घरकाम करणाऱ्या ताई, इस्त्रीवाला, हे कोणत्या वस्तीतून येतात ते विचारा. त्या वस्तीतल्या मशिदीशी, विहाराशी, मंडळाशी मिळून एकच काम धरा. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जावं लागणाऱ्या रुग्णांना रिक्षाने ने-आण करणं, हे तसं काम आहे. त्याला पैसा फार लागत नाही, पण माणसं नेमाने लागतात, आणि रिक्षा कोणाच्या वाराला कोण नेणार, हे ठरवायला दर महिन्याला भेटावंच लागतं.