गोळी सुरू होण्याआधीची नळी

सकाळी ७:४०
दिघीच्या स्टॉपवर ताई बसची वाट बघत उभ्या आहेत. खांद्याला पर्स, हातात डबा. महिन्याचा पास १५०० रुपयांचा. पगार वीस हजार, वर घरभाडेभत्ता. नेमणूक प्रकल्प संपेपर्यंतची. प्रकल्प पुढे चालू राहिला तर कागद पुन्हा होतो. बसमध्ये जागा मिळत नाही. त्या दांडी धरून मोबाइलवर मेसेज बघतात. एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीचं औषध देणाऱ्या केंद्राच्या, समुपदेशक बाईंनी लिहिलंय : ‘आज एक आहे. संमतीची सही झाली. गोळी अजून नाही.’
त्यातलं शेवटचं वाक्य ताईंच्या कामाचं.

८:३०
प्रयोगशाळा पुण्याच्या पिंपरी-चिंचवडकडच्या अंगाला. काम एचआयव्हीचं. आत सगळे तिला ‘लॅब’ म्हणतात आणि पेशी मोजणाऱ्या यंत्राला नुसतं ‘फ्लो’. ताई ॲप्रन चढवतात, फ्लोची कचऱ्याची टाकी रिकामी करतात, तळाशी हायपोक्लोराइट ओततात. दुसऱ्या टाकीत मिठाचं स्वच्छ पाणी भरतात. लेझर तापायला अर्धा तास लागतो. मग ठरावीक चमकीचे मणी सोडून यंत्राची नजर तपासायची. एसी चोवीस तास चालू. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत ताईंचा चेहरा बघण्यासारखा होतो.

फ्रीजच्या दारावर वर्तमानपत्राचं एक कात्रण चिकटवलंय. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल : मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल, शिमोन साकागुची. आपल्याच शरीरावर तुटून पडणाऱ्या पेशींना आवरणाऱ्या पेशींची ओळख या तिघांच्या कामातून पटली. साकागुचींनी १९९५ मध्ये उंदरांमध्ये त्या दाखवल्या. लॅबमध्ये या पेशींना ‘टी-रेग’ म्हणतात. आजचं काम त्यांचंच : गोळी सुरू न झालेल्या रक्तात त्या मोजायच्या.

१०:२०
दुचाकीवरून दादा डबा घेऊन येतो. डब्यात डबा, त्यात नळ्या. बर्फ नाही, या पेशींना गारठा सोसत नाही. नळीवर नाव नाही, फक्त क्रमांक. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयता सक्तीची केली. लॅबची शिस्त मात्र त्याहून जुनी.
ज्याचं हे रक्त, त्या माणसाला जास्तीची सुई टोचलेली नाही. एचआयव्ही ज्या सीडी-४ पेशींवर हल्ला करतो, त्यांच्या तपासणीसाठी रक्त काढलं, त्याच वेळी दोन नळ्या जास्तीच्या भरून घेतल्या. एकीत चार मिलीलिटर. त्याला निदान कळून दोन दिवस झालेत.

दुसरं रक्त लॅबमधूनच. बिनआजारी माणसाची नळी त्याच दिवशी, त्याच हाताने चालवली तरच तुलना धरता येते. आज हिशेब विभागातल्या एका तरुणाची पाळी. तो बाही सरसावून बसतो आणि नजर भिंतीकडे फिरवतो. मोबदला म्हणून चहा आणि पारले-जी.

१०:५०
हूडखाली दोन जोड्या हातमोजे. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याचा धोका हजारात तीन. तसं झालंच तर औषध शक्यतो दोन तासांत सुरू करायचं, ७२ तासांपलीकडे नाही, आणि २८ दिवस घ्यायचं. हा तक्ता भिंतीवर लावलाय. ताई त्याच्याकडे बघत नाहीत. तो त्यांना पाठ आहे.

रक्तात तेवढंच खारं पाणी मिसळायचं. नळीच्या तळाशी फिकॉल नावाचा दाट द्रव, घनता १.०७७. त्यावर रक्त सोडायचं. ओतायचं नाही, सोडायचं. नळी तिरकी, पिपेटचं टोक काचेला टेकलेलं, अंगठ्याचा दाब नावापुरता. दोन्ही थर मिसळले तर सकाळ वाया जाते. ताई या वेळात एक शब्द बोलत नाहीत, आणि मीही विचारत नाही.

११:२५
सेंट्रिफ्यूज. ४०० जी, तीस मिनिटं, ब्रेक शून्यावर. यंत्र झटकन थांबवलं तर थर मोडतो. ते आपोआप मंदावू द्यायचं. तेवढ्यात ताई हातमोजे काढून बाहेरच्या टेबलावर येतात आणि एका वापरलेल्या कागदाच्या पाठीवर मला गणित करून दाखवतात.

“समजा, धडधाकट माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात ८०० सीडी-४ पेशी. त्यातले सहा टक्के टी-रेग. किती झाले? ४८. आता उपचार न घेतलेला माणूस. सीडी-४ उरल्या २००. टी-रेग मोजले तर बारा टक्के. किती?”
“चोवीस.”
“टक्का दुप्पट, आकडा निम्मा. दोन्ही खरं.”

याच गोंधळावर कितीतरी वर्षं शोधनिबंध निघाले. कुणी लिहिलं टी-रेग वाढतात, कुणी लिहिलं घटतात. टी-रेग ही सीडी-४ पेशीच असते, म्हणून विषाणू तिच्यातही शिरतो. पण बाकीच्या सीडी-४ ज्या वेगाने संपतात, त्या वेगाने टी-रेग संपत नाहीत. विषाणूचं बाहेरचं प्रथिन अंगाला लागलं की त्या जास्त तग धरतात, असं काही प्रयोगांत दिसलं. त्यामुळे उरलेल्यांत त्यांचा वाटा फुगतो.

हे चांगलं की वाईट? इथे मॅडम, म्हणजे लॅबच्या शास्त्रज्ञ, येता येता बोलण्यात भाग घेतात. उपचार नसले की प्रतिकारशक्ती सतत पेटलेली राहते. आतड्याचं अस्तर झिजतं, जंतूंचे अंश रक्तात उतरतात, पेशी आणखी चेतवल्या जातात, आणि चेतवलेली सीडी-४ पेशी विषाणूला हवीच असते. टी-रेग ही आग आवरतात. पण विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या सीडी-८ पेशींनाही त्याच आवरतात. एकच काम, दोन परिणाम. मॅडमना एका बाजूचं उत्तर द्यायला सांगितलं तर त्या देत नाहीत, आणि मला ते बरं वाटतं.

दुपारी १२:१०
फिकॉलच्या वर धुरकट कडं धरलंय. ताई ते पिपेटने गोल फिरवत उचलतात. दोनदा धुणं. मग काचेच्या चौकटीवर निळ्या रंगात एक थेंब, डोळा सूक्ष्मदर्शकाला, हातात टकटक करणारा काउंटर. मेलेली पेशी निळी दिसते, जिवंत पेशी निळी होत नाही. रक्ताच्या मिलीलिटरमागे दहा लाख पेशी मिळाव्यात असा अंदाज. आज त्याहून कमी निघतात. ताई नोंद करतात, कपाळावर आठी नाही. “असं रक्त असंच असतं.”

१२:५०
अंधार करून रंग भरायचा. अँटिबॉडीच्या कुप्या बर्फावर. सीडी-३, सीडी-४, सीडी-२५, सीडी-१२७. या पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणा, त्यांचे रंग बाहेरूनच चिकटतात. फॉक्सपी-३ हे टी-रेगच्या खुणेचं प्रथिन मात्र आत, केंद्रकात असतं. त्यासाठी पेशीला आधी घट्ट करायचं, मग तिच्या भिंतीला भोकं पाडायची. फॉक्सपी-३ च्या एका कुपीची किंमत ताईंच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त आहे. कंपनीच्या पत्रकात एका नळीला जेवढा डोस लिहिलाय, त्याच्या निम्म्यात काम भागतं हे त्यांनी स्वतः मापून काढलं. एका कुपीत दुप्पट नळ्या होतात. निबंधावर नाव येताना हे कुठे मोजलं जातं, मला ठाऊक नाही.

१:४५
पेशी घट्ट व्हायला पाऊण तास. ताई साबणाने कोपरापर्यंत हात धुतात. डब्यात ज्वारीची भाकरी, मेथीची पातळ भाजी, ठेचा. हिशेब विभागातला तो तरुण दंडावरची कापसाची पट्टी दाखवत येतो. “ताई, माझे टी-रेग बरे आहेत ना?” ताई त्याला ठेचा वाढतात.

३:३०
नळी फ्लोला लावली. पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात, पडद्यावर ठिपके पडत राहतात. एका नळीच्या तीन लाख पेशी घ्यायच्या. बिनआजारी रक्ताची नळी झरझर संपते. दुसरीत पेशी कमी, म्हणून वेळ जास्त. ताई उठत नाहीत. बुडबुडा आला तर सगळा आलेख वाकडा.

४:२०
आता खरी कसोटी, आणि ती हातांची नाही. पडद्यावर माउसने कुंपण आखायचं : आतले ठिपके टी-रेग, बाहेरचे नाहीत. निरोगी रक्तात ठिपक्यांचा पुंजका वेगळा दिसतो. उपचार न झालेल्या रक्तात तो पसरतो. कारण सीडी-२५ साधी पेशी चेतली तरी वाढतं. फॉक्सपी-३ सुद्धा माणसाच्या साध्या पेशीत थोडा वेळ उमटतं. टी-रेगवर सीडी-१२७ कमी असतं म्हणून त्यावर भिस्त ठेवावी, तर एचआयव्हीत ते इतर पेशींवरही घसरतं. म्हणजे ओळखीच्या तिन्ही खुणा नेमक्या याच आजारात पुसट होतात. कुंपण बोटभर सरकलं की टक्का बदलतो.

ताई म्हणून बिनआजारी रक्तावर आधी कुंपण आखतात आणि तेच न हलवता दुसऱ्यावर ठेवतात. शिवाय एक रंग गाळून केलेली नळी बाजूला असतेच. मॅडम येतात, चष्मा वर करतात. “हा कोपरा?”
“तो चेतलेल्यांचा वाटतोय. मी बाहेर ठेवलाय.”
“ठीक. लिहून ठेवा.”

आणि हे सगळं फक्त रक्तापुरतं. शरीरातल्या लिम्फोसाइटपैकी रक्तात एका वेळी दोनेक टक्केच असतात. उपचार नसताना टी-रेग लसीकाग्रंथींत आणि आतड्यात साठतात, आणि तिथवर ही नळी पोचत नाही.

५:१५
उरलेल्या पेशी गोठवायच्या. मिनिटाला एक अंश या गतीने उणे ८० पर्यंत, उद्या द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६. त्या टाकीच्या खालच्या खणात जुन्या कुप्या आहेत, गोळी उशिरा सुरू व्हायची त्या काळातल्या. २००४ मध्ये सरकारने मोफत औषध सुरू केलं, तेव्हा सीडी-४ दोनशेच्या खाली गेल्याशिवाय ते सहसा मिळत नसे. माणसं वर्षानुवर्षं बिनऔषधी राहत. पुढे मर्यादा ३५०, मग ५००. २०१७ पासून निदान झालं की औषध, सीडी-४ कितीही असो. रोज एक गोळी. विषाणू दबला की टी-रेगचा टक्काही हळूहळू खाली येतो, सगळ्यांचा पूर्ण नाही.
त्यामुळे आजच्यासारखी नळी मिळते ती निदान आणि पहिली गोळी यांच्यामधल्या दिवसांत. संशोधनासाठी गोळी लांबवायची नाही, हा नियम आहे. नळी हुकली तर हुकली.

५:४०
वापरलेलं रक्त हायपोक्लोराइटमध्ये. टिपा लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, सगळं आधी ऑटोक्लेव्हमधून. फ्लोला ब्लीच, मग पाणी. ताईंच्या बोटांना हातमोज्यांची पावडर आणि तिच्याखाली सुरकुत्या.

५:५५
फोन वाजतो. समुपदेशक बाई.
“ताई, उद्या दोघं येतायत.”
“गोळी?”
“एकाची नाही. दुसरे दादा आज दुपारीच घेऊन गेले. इथेच, माझ्यासमोर पहिली घेतली.”
“मग त्यांचं नको. एकाचंच पाठवा. साडेदहाच्या आत.”
ताई रजिस्टरमध्ये उद्याच्या पानावर एक क्रमांक लिहितात, फॉक्सपी-३ च्या कुपीत अजून किती नळ्यांचं उरलंय ते बघतात आणि मागणीचा अर्ज काढून भरायला घेतात.