घरातील जुने बायबल व जुनी छायाचित्रे

ख्रिस्ती कुटुंबांत घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या तारखा लिहून ठेवण्याची प्रथा जुनी आहे. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ मध्ये सुरू झाले. त्या भागातील एखाद्या घराण्यास असे पान म्हणजे वंशावळच होय. पंडिता रमाबाईंचे बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनतर्फे प्रसिद्ध झाले. त्याचा छापील मजकूर अन्यत्रही मिळेल. आजोबांच्या हातची नोंद मात्र एकाच प्रतीत असते. बांधणी उसवली म्हणून ग्रंथ टाकून देताना हे कोणाच्या ध्यानी येत नाही.

फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद कालांतराने पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट. ते पुन्हा सोडवता येत नाही.

छायाचित्रांचे दुखणे निराळे. चित्र शाबूत राहते, पण त्यातील माणसे ओळखणारी वृद्ध व्यक्ती निघून जाते. ती हयात असतानाच नावे, नाते व गाव विचारून मागील कडेला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे.

आप्तांना मूळ वस्तू न देता प्रत द्यावी. ग्रंथ दाबून सपाट न करता, दोन्ही बाजूंस उशीचा आधार देऊन, खिडकीच्या मंद उजेडात मोबाइलने पान टिपता येते. शिक्षकांना हे काम विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. परंतु हयात व्यक्तींच्या जन्मतारखा असलेले पान कुटुंबाच्या संमतीवाचून गावभर फिरवू नये.