जेवता जेवता की जेवून?

हल्ली गटांना ऑफिसांकडून जेवणाच्या ऑर्डरी येतात, आणि त्या बहुतेक वेळा मोबाइलवर, इंग्रजीतून. माणसं किती ते आकड्यात असतं, ते कळतं. ‘मीटिंग’ कळतं, ‘लंच’ही कळतं. मधल्या बारक्या शब्दाकडे मात्र कुणी बघत नाही. पण भात किती वाजता उतरवायचा आणि आमटी करायची की नाही, हे त्या शब्दावरच ठरतं बरं का!

समजा, ‘मीटिंग ओव्हर लंच’ असं आलं. क्रिकेट ऐकून ऐकून ‘ओव्हर’ म्हणजे संपलं, असं आपल्या डोक्यात बसलंय. म्हणून वाटतं, जेवण आटोपल्यावर मीटिंग. तसं नाही. इथे अर्थ आहे जेवता जेवता बोलणं. समोर कागद, लॅपटॉप, आणि शेजारी ताट. अशा ठिकाणी पातळ रस्सा आणि वाढप्यांची ये-जा नको. सुकी भाजी, पोळीचा रोल, पुलाव असं काही द्यावं, आणि मीटिंग सुरू होतानाच ते टेबलावर हवं.

‘ट्रेनिंग फॉलोड बाय लंच’ हे वेगळं. आधी ट्रेनिंग, मग जेवण. ‘बाय’ म्हटलं की आपल्याला ‘कुणाकडून तरी’ आठवतं आणि क्रम उलटा लागतो. ‘बाय’च्या पुढे लिहिलेलं मागाहून होतं, एवढं धरून ठेवा. इथे खुशाल गरम वरण-भाताची पंगत मांडा. ‘ट्रेनिंग आफ्टर लंच’ असेल तर मात्र जेवण आधी.

‘विथ’ सगळ्यात फसवं. ‘ट्रेनिंग विथ लंच’ म्हणजे ट्रेनिंगला येणाऱ्याला जेवणही आहे, बहुधा त्याच फीमध्ये. मुख्य काम ट्रेनिंग, जेवण त्याच्या जोडीला. पण किती वाजता? ते ‘विथ’ सांगत नाही. ते विचारावंच लागतं.

आपल्याला स्वतःला इंग्रजीत लिहायचं असेल, तर आधी मराठीत बोलून बघा. ‘जेवता जेवता बोलू’ म्हणालात तर ‘ओव्हर’. ‘जेवून बोलू’ म्हणालात तर ‘आफ्टर’. ‘बोलण्यासोबत जेवण’ असेल तर ‘विथ’. आपण क्रियापदालाच ‘ता’ किंवा ‘ऊन’ लावून मोकळ्या होतो. इंग्रजीला तिथे सुटा शब्द लागतो, आणि तो नावाच्या आधी येतो.

आता बॅनरवरचं ‘एक्झिबिशन-कम-सेल’. हा ‘कम’ लॅटिनमधून आलाय, अर्थ ‘सह’. प्रदर्शन तेच आणि विक्रीही तिथेच, म्हणून तो शोभतो. स्पेलिंग सी-यू-एम. पेंटर हमखास सी-ओ-एम-ई रंगवतो, म्हणजे ‘प्रदर्शन या विक्री’! मला विचाराल तर सरळ ‘एक्झिबिशन अँड सेल’ लिहावं, चुकायला जागाच नाही.

आणि ऑर्डर वाचून शंका आलीच, तर एवढंच टाइप करून पाठवा: ‘लंच ड्युरिंग द मीटिंग ऑर आफ्टर द मीटिंग?’ उत्तर आल्यावरच भाजी चिरायला घ्या.