१३ जणींतली पहिली आणि १२८ जणींतली पहिली

गटाच्या बैठकीत हप्त्याचं काम आटोपलं, चहा आला, की एक वाद हमखास निघतो. वयानं मोठ्या असलेल्या म्हणतात, "आमच्या वेळी जे केलं ते सोपं नव्हतं." तरुण पोरी म्हणतात, "तुमच्या वेळी होतं कोण स्पर्धेला? आता बघा, एका जागेला शंभर जणी उभ्या." दोन्हीकडच्या बोलण्यात तथ्य असतं, म्हणूनच हा वाद मिटत नाही. आज आम्ही तो टेनिसच्या मैदानावर नेऊन बघणार आहोत. टेनिसच का, तर बायकांच्या स्पर्धांची इतकी जुनी आणि नीट लिहून ठेवलेली नोंद फार थोड्या खेळांत सापडते. शिवाय हा खेळ आता आपल्या जिल्ह्यातल्या मुलींनाही परका राहिलेला नाही.

टेनिस कधी पाहिलं नसेल तर एवढंच ध्यानात घ्या. मधे जाळी, दोन बाजूंना दोघी, हातात रॅकेट. स्पर्धा बादफेरीची, म्हणजे हरली ती घरी आणि जिंकली ती पुढच्या फेरीत. आज विम्बल्डनसारख्या मोठ्या स्पर्धेत १२८ जणी उतरतात. पहिल्या फेरीनंतर ६४ उरतात, मग ३२, असं करत शेवटी एक. जिचं नाव चषकावर येतं तिनं ओळीनं ७ सामने जिंकलेले असतात.

आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला नेमबाजीचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं. ६०० पैकी ५९७ गुण, तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी. तिथं हिशेब सरळ आहे. वीस वर्षांपूर्वीच्या बाईनं किती गुण घेतले आणि हिनं किती, हे शेजारी शेजारी मांडता येतं, कारण समोरचं लक्ष्य काही उलटा वार करत नाही. टेनिसचं तसं नाही. तिथं सामना ६-२, ६-२ असा जिंकला म्हटलं तरी काही कळत नाही. समोर कोण होती? कुस्तीचं उदाहरण आपल्याला लगेच पटेल. गावच्या जत्रेत नारळावरची कुस्ती मारणं आणि खासबागेत शेवटची कुस्ती मारणं, दोन्हीकडे पाठच लागते, पण दोन्हीची किंमत कुणी एक धरत नाही.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा, उतरल्या होत्या किती जणी? विम्बल्डनला बायकांची स्पर्धा सुरू झाली १८८४ साली. त्या वर्षी नावं आली १३. मॉड वॉटसन नावाची मुलगी जिंकली, आणि अंतिम सामन्यात तिच्यासमोर होती तिचीच सख्खी बहीण लिलियन. १८९० साली तर फक्त ४ जणींनी नाव दिलं. आपल्या गल्लीतल्या झिम्मा-फुगडीच्या स्पर्धेला याहून जास्त गट येतात! आणखी एक गंमत म्हणजे, त्या काळी बरीच वर्षं असा नियम होता की आदल्या वर्षीच्या विजेतीनं नुसतं बसून राहायचं. बाकीच्या आपसांत लढून जी वर येईल तिच्याशी विजेतीनं एकच सामना खेळायचा. हा नियम १९२२ साली गेला. त्यामुळे त्याआधीच्या विजेतींच्या नावापुढे चार-पाच अजिंक्यपदं दिसली तर त्यातली काही एकेका सामन्याची आहेत.

मग या बायका कमी होत्या का? इथं आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. पंडिता क्षमा राव हे नाव तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल. संस्कृतचे मोठे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांची ही मुलगी. स्वतः संस्कृतात लिहायची, आणि टेनिसही खेळायची. तिची लेक लीला राव १९३४ साली विम्बल्डनला गेली आणि तिथं एक सामना जिंकली. विम्बल्डनला सामना जिंकणारी ती पहिली भारतीय बाई. दुसऱ्या फेरीत ती हरली. "म्हणजे एकच ना?" असं कुणी म्हणेल. पण तेव्हा तिथं पोचायचं म्हणजे बोटीनं काही आठवड्यांचा प्रवास. भारतात टेनिसची मैदानं होती ती जिमखान्यांत, छावण्यांत आणि संस्थानिकांच्या वाड्यांत. कोल्हापुरातल्या शेतकऱ्याच्या मुलीला त्या जाळीच्या जवळ उभं राहायचीही सोय नव्हती.

यातून दुसरा प्रश्न निघतो, आणि आमच्या मते तो पहिल्यापेक्षा मोठा आहे. उतरल्या किती हे झालं, पण उतरू दिलं कुणाला? अमेरिकेत १९५० पर्यंत त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत काळ्या वर्णाच्या खेळाडूंना जागाच नव्हती. त्या वर्षी अॅल्थिया गिब्सनला पहिल्यांदा आत घेतलं. १९५७ आणि १९५८ अशी दोन वर्षं तीच विम्बल्डन जिंकली आणि अमेरिकेची स्पर्धाही. आता सांगा, १९५० च्या आधी तिथं जिंकलेल्या बायकांचा कस पुरा लागला होता का? त्यांचा दोष नाही, पण ज्या मैदानाबाहेर ठेवल्या होत्या त्यांच्यात कोण होती हे कधीच कळणार नाही. लीला राव भारतात अजिंक्य ठरली, तिथंही हेच लागू. तिचं कौतुक पूर्ण करायचं, आणि ज्यांच्या हातात रॅकेट कधी आलीच नाही त्यांची आठवणही ठेवायची.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती गटातल्या बायकांना सांगायला आम्हाला आवडते. १९६८ पासून मोठ्या स्पर्धांत उघडपणे बक्षिसाचे पैसे मिळू लागले. विम्बल्डनला त्या वर्षी पुरुष विजेत्याला २००० पौंड आणि बाईला ७५०. १९७० साली अमेरिकेतल्या एका स्पर्धेत पुरुषाला बाईच्या आठपटीहून जास्त बक्षीस लावलं. तेव्हा बिली जीन किंग आणि आणखी ८ अशा ९ जणींनी वेगळी वाट धरली. एकेका डॉलरच्या करारावर सह्या केल्या आणि स्वतःच्या स्पर्धा सुरू केल्या. तीन वर्षांत, १९७३ ला, बायकांची संघटना उभी राहिली. त्याच साली अमेरिकेच्या स्पर्धेनं स्त्री-पुरुषांचं बक्षीस सारखं केलं. विम्बल्डनला मात्र २००७ उजाडावं लागलं. पैशाचा आणि चढाओढीचा संबंध असा की, खेळून पोट भरतं म्हटल्यावर आईबाप मुलीला खेळू देतात, मुलगी लग्नानंतरही खेळ सोडत नाही, आणि दहा देशांतल्या जिथं यायच्या तिथं पन्नास देशांतल्या येतात.

आता आकड्यांनी कशी फसगत होते ते बघा. सगळ्यात जास्त मोठी एकेरी अजिंक्यपदं कुणाची? ऑस्ट्रेलियाच्या मार्गारेट कोर्टची, २४. अमेरिकेच्या सेरेना विल्यम्सची २३. मग कोर्ट मोठी? तिच्या २४ पैकी ११ एकट्या ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धेतली, आणि त्या काळी लांबचा प्रवास टाळून युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच चांगल्या खेळाडू तिथं जातच नसत. घरच्या मैदानावर, अर्ध्या हजेरीत. पण एवढ्यावरून तिला मोडीत काढू नका. १९७० च्या विम्बल्डनला अंतिम सामन्यात समोर बिली जीन किंग होती, आणि कोर्टनं तो १४-१२, ११-९ असा ओढून नेला. त्याच वर्षी चारही मोठ्या स्पर्धा तिनं जिंकल्या. हजेरी पुरी असतानाही ती जिंकत होती.

जर्मनीच्या स्टेफी ग्राफची गोष्ट याहून अवघड आहे. तिची अजिंक्यपदं २२. पण १९९१ ते १९९३ च्या सुरुवातीपर्यंत तिच्या वरचढ होती मोनिका सेलेस. वयाच्या विशीत यायच्या आतच सेलेसनं ८ मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या. ३० एप्रिल १९९३ ला हँबर्गमध्ये सामना चालू असताना ग्राफच्या एका वेड्या चाहत्यानं सेलेसच्या पाठीत सुरी खुपसली. सेलेस दोन वर्षांहून जास्त काळ मैदानाबाहेर राहिली. त्या मधल्या काळात १० मोठ्या स्पर्धा झाल्या, त्यातल्या ६ ग्राफनं जिंकल्या. ग्राफचा यात काडीचाही दोष नाही. तरी त्या ६ मोजताना मनात कुठंतरी खडा लागतो. सेलेस असती तर काय झालं असतं, याचं उत्तर कोणत्याच वहीत नाही.

आणि हा शेवटचा पेच. १९८२ ते १९९० या नऊ वर्षांत विम्बल्डन दोघींनीच वाटून घेतलं, मार्टिना नवरातिलोवानं ७ वेळा आणि ग्राफनं २ वेळा. उलट २०१७ ते २०२५ या काळात ८ स्पर्धा झाल्या (२०२० ला करोनामुळे झाली नाही) आणि आठही वेळा विजेती वेगळी. यातला कोणता काळ जास्त चुरशीचा? बहुतेक जणी म्हणतील, आताचा. कुणीही कुणालाही हरवू शकतं ती खरी चुरस. २०२१ ला एम्मा रादुकानू नावाची १८ वर्षांची मुलगी पात्रता फेरीतून आली आणि एकही सेट न गमावता अमेरिकेची स्पर्धा घेऊन गेली. पण दुसरी बाजूही आहे. रोज नवी विजेती याचा अर्थ असाही निघतो की सगळ्यांपेक्षा डोक्यानं उंच अशी कुणी नाही. आणि एकीनंच सगळं जिंकलं याचा अर्थ बाकीच्या कच्च्या होत्या असाच नसतो, कदाचित तीच फार पक्की असेल. नवरातिलोवासमोर ख्रिस एव्हर्ट होती. दोघी ८० वेळा समोरासमोर आल्या, ४३ नवरातिलोवाच्या आणि ३७ एव्हर्टच्या. अशी शेजारीण-शेजारणीसारखी वर्षानुवर्षं झुंज आता दिसत नाही.

काही जण साखळी लावून मोजतात. नवरातिलोवा ग्राफशी खेळली, ग्राफ सेरेनाशी, सेरेना आपल्या सानिया मिर्झाशी. मग साखळीनं कोण भारी ते काढा. पण १९९९ ला इंडियन वेल्सच्या अंतिम सामन्यात सेरेनानं ग्राफला हरवलं तेव्हा सेरेना १७ वर्षांची आणि ग्राफ २९ ची, निवृत्तीला टेकलेली. एकीची सकाळ आणि दुसरीची संध्याकाळ. सासू-सुनेच्या भाकरी एकाच दिवशी थापून कोण सुगरण ते ठरवण्यासारखंच की ते.

आमचं मत विचाराल तर असं. वरच्या दोघी-तिघींचं बघितलं तर जुन्या कुठंच कमी नाहीत. पण पहिल्या फेरीत हरणारी जी असते, म्हणजे साठावी, नव्वदावी, ती आज पूर्वीपेक्षा कितीतरी तयारीची आहे, आणि चढाओढ मोजायची ती तिच्यावरून. म्हणूनच सानिया २००७ साली एकेरीत जगात २७ वी झाली, हा आकडा लहान समजू नका. तिथं पोचेपर्यंत तिला किती देशांतल्या किती जणींना मागं टाकावं लागलं असेल!

घरात उपयोगी पडेल अशी एक गोष्ट यात आहे. मुलगी तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला खेळायला गेली, की परत आल्यावर आपण पहिलं विचारतो, "कितवी आलीस?" हरली असेल तर "एवढे एसटीचे पैसे गेले," हेही निघतं, आणि पुढच्या खेपेला तिला पाठवायचं का, यावर घरात बोलणं होतं. त्याआधी ड्रॉ बघा. ड्रॉ म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता, मैदानावर भिंतीला लावलेला असतो. किती मुली होत्या, हिला पुढे चाल मिळाली होती का, म्हणजे न खेळताच एखादी फेरी ओलांडली का, पहिला सामना कुणाशी पडला आणि ती पुढे कुठवर गेली, हे बघा. जिच्याशी आपली मुलगी पहिल्या फेरीत हरली तीच शेवटी जिंकली असेल, तर ते हरणं वेगळं. आणि पाचच मुलींत दुसरा नंबर आला असेल, तर पेढे जरूर वाटा, पण पुढच्या वर्षी मोठ्या ड्रॉमध्ये तिला उतरवा.

२०२२ साली विम्बल्डननं १४ वर्षांखालच्या मुलामुलींची स्पर्धा पहिल्यांदा भरवली. मुलींत जागा होत्या फक्त १६, आणि त्या साऱ्या जगासाठी. त्यातली एक आपल्या कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव होती.