अपघात, गुन्हा आणि माझा एक फॉरवर्ड

ज्यांना भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. माझे ‘अं’ आणि ‘म्हणजे कसंय’ तेवढे गाळलेत, बाकी सगळं जसं बोललो तसंच.

आज सुरुवात माझ्याच चुकीपासून. तारीख २६ मे २०२५. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले. मी अंथरुणात पडून फोनवर लिव्हरपूलची विजयी मिरवणूक बघत होतो. क्लबने २० व्यांदा लीग जिंकली होती. २०२० ला जिंकली तेव्हा कोरोनामुळे अशी मिरवणूक निघालीच नव्हती, त्यामुळे पाच वर्षं तुंबलेला आनंद रस्त्यावर आला होता. तेवढ्यात ग्रुपवर एक व्हिडिओ पडला. वॉटर स्ट्रीटवर एक गाडी माणसांच्या गर्दीत घुसतेय. खाली कुणीतरी लिहिलेलं, चालवणारा कोण, कुठल्या धर्माचा. मी वाचलं आणि दोन ग्रुपवर पुढे ढकललं. दहा सेकंदही विचार केला नाही.

साधारण दोन तासांत पोलिसांनी जाहीर केलं: ताब्यात घेतलेला माणूस ५३ वर्षांचा, गोरा, ब्रिटिश, लिव्हरपूल भागातलाच. माझा फॉरवर्ड सरळसरळ खोटा होता. पोलिसांनी इतकी घाई का केली? कारण जुलै २०२४ मध्ये जवळच्याच साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींची हत्या झाली होती आणि हल्लेखोराबद्दलच्या अफवेवरून देशभर दंगली पेटल्या होत्या. तो धडा ताजा होता.

आता मुख्य प्रश्न. तुम्ही म्हणाल, गाडी गर्दीत घुसली म्हणजे ‘अपघात’च ना? कायदा आधी विचारतो, चालवणाऱ्याच्या मनात काय होतं?

इंग्लंडमध्ये नुसत्या धोकादायक ड्रायव्हिंगला जास्तीत जास्त २ वर्षांची कैद आहे. त्यात कुणाला गंभीर दुखापत झाली तर ५ वर्षांपर्यंत. पण ‘मला समोरच्याला जबर इजा करायचीच होती’, असा हेतू सिद्ध झाला तर तो वेगळाच गुन्हा, आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. गाडी तीच, रस्ता तोच, जखमाही त्याच. फरक हेतूचा.

पण हेतू दिसतो कुठे? इथे तो दिसला गाडीतल्याच डॅशकॅममध्ये. बंद केलेल्या रस्त्यावर तो एका अँब्युलन्सच्या मागून शिरला होता. आपण घाबरलो होतो, असं त्याचं म्हणणं. सरकारी पक्षाचं म्हणणं वेगळं: गर्दी वाट देत नाही म्हणून त्याचं डोकं फिरलं आणि त्याने गाडीचंच हत्यार केलं. कॅमेऱ्यातल्या चित्रीकरणाने दुसरी बाजू खरी ठरवली. आधी गुन्हा नाकारणाऱ्या त्या माणसाने खटला सुरू होता होता, २६ नोव्हेंबरला, सगळे ३१ आरोप कबूल केले. १६ डिसेंबर २०२५ ला लिव्हरपूल क्राउन कोर्टाने त्याला साडेएकवीस वर्षांची शिक्षा दिली. १३० हून अधिक लोक जखमी झाले होते. आरोपपत्रात ज्यांचा उल्लेख होता त्यांत सर्वांत लहान सहा महिन्यांचं बाळ आणि सर्वांत मोठी व्यक्ती ७७ वर्षांची. सुदैवाने कुणी दगावलं नाही. गर्दीतल्याच एका माणसाने गाडीत शिरून गिअर पार्कमध्ये दाबून धरला, म्हणून गाडी थांबली. अशा माणसाला काय म्हणायचं सांगा!

घटना ते शिक्षा, सात महिन्यांच्या आत. हे ऐकून मला आधी वाटलं, चला, छान झालं. पण लिव्हरपूलच्या जुन्या चाहत्यांच्या मनात त्याच वेळी दुसरी तारीख असणार: १५ एप्रिल १९८९.

शेफिल्डचं हिल्सबरो स्टेडियम. लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट, एफए कपची उपांत्य फेरी. लेपिंग्ज लेनच्या बाजूला बाहेर प्रचंड गर्दी झाली. ती कमी करायला पोलिसांनी बाहेर पडायचं एक मोठं फाटक उघडलं. आत आलेले लोक समोरच्या बोगद्यातून थेट मधल्या, आधीच गच्च भरलेल्या, जाळीच्या कप्प्यांत गेले. बाजूचे कप्पे मोकळे होते, पण तिकडे वळवायला कुणीच नव्हतं. लोक उभ्या जागी चिरडले गेले, श्वास कोंडून गेले. मृतांचा आकडा आज ९७ आहे. शेवटच्या माणसाचा मृत्यू त्या दिवशीच्या इजांमुळेच, पण तब्बल ३२ वर्षांनी, २०२१ मध्ये झाला.

आणि मग सुरू झालं खोटं. तिथले प्रमुख पोलीस अधिकारी डेव्हिड डकनफील्ड यांनी त्याच दुपारी सांगितलं, फाटक चाहत्यांनीच जबरदस्तीने उघडलं. चार दिवसांनी ‘द सन’ने पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘सत्य’ असा मथळा देऊन चाहत्यांवर मेलेल्यांचे खिसे मारल्याचा आरोप छापला. आजही लिव्हरपूलमध्ये कित्येक लोक ते वर्तमानपत्र हातात धरत नाहीत. १९९१ मध्ये निकाल लागला ‘अपघाती मृत्यू’. पुन्हा तोच शब्द बघा, अपघात! २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने उघड केलं की पोलिसांचे १६४ जबाब बदलले गेले होते. २०१६ मध्ये ज्युरीने ठरवलं, हे बेकायदा मृत्यू होते आणि चाहत्यांचा दोष नव्हता. तरी २०१९ मध्ये डकनफील्ड निर्दोष सुटले. त्या मृत्यूंसाठी एकही माणूस तुरुंगात गेला नाही.

म्हणून मला वाटतं, न्याय म्हणजे फक्त शिक्षेची वर्षं नव्हेत. काय घडलं आणि कुणामुळे घडलं, हे वेळेत आणि खरं सांगणं हा त्याचा पहिला हप्ता. वॉटर स्ट्रीटच्या जखमींना तो लगेच मिळाला. हिल्सबरोच्या आयांना त्यासाठी २७ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, आणि मुलांवरचा डाग पुसायची लढाई त्यांनाच लढावी लागली.

त्या खोट्यासाठी १९८९ मध्ये वर्तमानपत्र लागलं. २०२५ मध्ये माझा अंगठा पुरला.

मी त्या दोन्ही ग्रुपवर ‘मी पाठवलेलं खोटं होतं, माफ करा’ असं लिहिलं. पण कधी? दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर. एका ग्रुपमध्ये कुणी उत्तरच दिलं नाही. दुसऱ्यात एकाने विचारलं, “कुठलं रे?” त्याने तो मेसेज तोवर पुढे पाठवून दिला होता आणि विसरूनही गेला होता.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, गाडीवर असताना फोन खिशात ठेवा!