टाळेबंदीत आजारी पडलेले मुके जीव

फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेला बाबासाहेबांचा कौटुंबिक फोटो आठवा. यशवंतराव, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. ‘कुत्रं पाळणं ही श्रीमंतांची हौस’ असं आपल्याच माणसाने म्हटलं की आम्हाला हा टॉबी आठवतो.

पेणकरपाडा, काशिमिरा, नवघरच्या चाळींतही कुत्री-मांजरं माणसांबरोबर राहतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि लगोलग केंद्र सरकारने पशुवैद्यकीय रुग्णालयांना त्यातून सूट दिली. कागदावर दवाखाना उघडाच होता. पण जायचं कसं? परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशु रुग्णालय हा गोरगरिबांचा जुना आधार. भाईंदरहून ते तीस किलोमीटरच्याही पुढे. २३ मार्चपासून लोकल बंद, रिक्षा बंद. सर्वसामान्यांना लोकलची दारं उघडली ती थेट १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठरावीक वेळेत. जवळच्या खासगी दवाखान्यात जावं तर सलाईन-इंजेक्शनच्या खर्चात घरातलं रेशन येतं, आणि हाताला काम नव्हतं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गावच्या गुरांसाठी. शहरातल्या गरिबाचं मांजर कुणाच्याच खात्यात बसत नाही!

त्यात कुत्र्या-मांजरांपासून कोरोना होतो ही अफवा. पाळीव प्राण्यांमुळे साथ पसरत असल्याचा पुरावा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हाच सांगितलं होतं. तरी भीतीपोटी प्राणी रस्त्यावर सोडले गेले.

डॉक्टर मिळेना, म्हणून घरातल्या गोळ्या देण्याची चूक अनेकांनी केली. ती आजही होते, म्हणून स्पष्ट लिहितो: मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. कुत्र्यालाही माणसाची वेदनाशामक गोळी मनाने देऊ नये. पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागली तर तो पार्वो असू शकतो. अशा वेळी उद्यावर ढकलू नका. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. टाळेबंदीत हुकलेली लस अजून दिली नसेल तर आता द्या. कुणाला कुत्रं चावलं, अगदी घरचं असलं तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हळद-चुना लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा आणि सगळे डोस पूर्ण करा.

वसईच्या खाडीपलीकडे सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी, अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याची नोंद आहे. बावीसशे वर्षांपूर्वी जे राज्यकर्त्याला सुचलं, ते महापालिकेकडे मागायला आपण का लाजावं? वर्षातून एकदा वस्तीत मोफत रेबीज लसीकरण आणि आठवड्यातून एक दिवस स्वस्त तपासणी, एवढीच मागणी आहे. निवेदनाचा मसुदा आम्ही करतो. शिबिरासाठी ज्या विहाराचं अंगण मिळू शकेल, त्यांनी कळवावं.